गजभिये सरांचा तिसरा प्रश्न

दरवर्षी थंडीत मला कुठल्या ना कुठल्या शाळेचं बोलावणं येतं. विषय ठरलेला असतो, विद्यार्थी आणि सामाजिक न्याय. शाल असते, नारळ असतो, माझं नाव धड वाचता येत नाही असा एक सूत्रसंचालक असतो, आणि समोर उन्हात बसवलेली पोरं असतात. माझं भाषण कधी संपतं याची वाट बघत ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसतात. त्या मंडपात सगळ्यांत प्रामाणिक तीच. मी उभी राहते आणि इतिहास सर्वांचा असतो असं म्हणते. टाळ्या पडतात. घरी येऊन शाल कपाटात टाकते. तिथे आता शालींची चळत झाली आहे आणि त्यातली एकही अंगावर घ्यायच्या लायकीची नाही. यंत्रमागाचा भिकार माल, दोन धुण्यांत गोळे येतात. कोष्ट्याच्या पोरीला तरी असली शाल देऊ नये. पण आपण कोणाला काय देतो आहोत हे देणाऱ्यांना माहीत नसतं, आणि घेणारी काय लायकीची आहे हेही नसतं. ते मी इथे लिहून ठेवते.

आमचं घर इतवारीच्या मागच्या अंगाला, कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात. पुढची खोली मागाची, मागची माणसांची. म्हणजे घरातली चांगली, उजेडाची जागा मागाला आणि उरलेल्या अंधारात आम्ही सहाजण. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले की सकाळपासून खटक-खट, खटक-खट सुरू व्हायचं. धोटा इकडून तिकडे धावायचा. त्या आवाजात आम्ही जेवलो, भांडलो, पाढे पाठ केले. आवाज थांबला की आई चुलीपुढून विचारायची, "काय झालं जी?" धागा तुटला असला तर बाबा उत्तरही देत नसत. घरभर खळीचा वास असे. ज्वारीच्या पिठाची ती खळ शिजली की आंबूस दरवळायची. सकाळी गल्लीत ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, लांबवर ताणून त्याला खळ फासली जायची, आणि तोवर येणाराजाणारा वाकून त्याच्याखालून जायचा. ताण्यावरून ओलांडून जायची कुणाची हिंमत नव्हती. जेवायला भाकर, जवसाची चटणी, आणि संक्रांतीच्या सुमारास कोथिंबिरीची सांबारवडी. बाबा स्वतःला विणकर म्हणवून घेत नसत, कारागीर म्हणत. रेशीमकाठी लुगडं मागावरून उतरलं की ते दोन बोटांत धरून उजेडाकडे बघत, आणि जगात आपल्यासारखे आपणच असा त्यांचा चेहरा होई. त्या लुगड्यातलं एकही आईच्या अंगावर मी कधी पाहिलं नाही.

घरात आत्याबाई होती. बाबांची आत्या, म्हणून आमचीही आत्याबाईच. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, ऐंशीच्या आसपासची, डोळ्यांनी जवळजवळ अधू. दाराच्या उंबऱ्याशी रहाट घेऊन बसायची आणि दिवसभर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. डोळ्यांना दिसत नसलं तरी सूत तुटलं की बोटांना कळे. मोहल्ल्यात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी काय शिजतंय, सगळं तिला बसल्या जागी ठाऊक. खोटं बोलायची तिला गरजच पडली नव्हती, कारण आपल्या आयुष्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. आमच्या घरात खरं सांगणारं माणूस एकच होतं, आणि आपण जे सांगतो आहोत त्यात काही वाईट आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

शाळेचं नाव मी घेत नाही. ज्या शाळेने मला उभं केलं वगैरे लिहिण्याची चाल आहे, पण आमच्या शाळेने पोरांना उभं केलं ते फक्त शिक्षा म्हणून, वर्गाबाहेर. इतिहास शिकवायला जे मास्तर होते ते पुस्तक उघडून म्हणत, "बावीसपासून अठ्ठाविसाव्या ओळीपर्यंत रेघ मारा." आम्ही रेघ मारायचो. इतिहास म्हणजे काय, तर राजांची लग्नं आणि लढाया, मधल्या काळात त्यांनी बांधलेल्या विहिरी. त्या विहिरी कुणी खणल्या आणि खणल्यावर त्यांचं पाणी कुणाला मिळालं, यावर रेघ नव्हती. मागच्या बाकांवर बौद्ध घरांतली सात-आठ मुलं बसायची. त्यांच्या घरच्यांनी त्या एका मोठ्या दिवशी आमच्याच शहरात धर्म बदलला होता. आख्ख्या देशाला माहीत असलेली ही गोष्ट, शाळेपासून सायकलच्या अंतरावर घडलेली, आणि आमच्या मास्तरांना पाच वर्षांत ती एकदाही आठवली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी कानाला लावून पाहिलं.

त्यांच्या जागी गजभिये सर आले. टेंपररी. हा शब्द शाळेतल्या शिपायालाही माहीत होता, आणि तो सरांशी बोलताना त्या शब्दाला शोभेल इतकाच आदर दाखवायचा. जून उजाडला की सर कायम होणार किंवा घरी जाणार, हे हेडमास्तर ठरवणार होते. सरांचा पांढरा शर्ट रोज एकच असावा, कारण कॉलरवर एकाच जागी रफू होतं, पण तो रोज धुतलेला आणि इस्त्रीचा असे. खिशाला शाईचं पेन. सायकलवरून उतरले की पँटची चिमटी काढून खिशात ठेवत. आणि आम्हांला, नववीच्या पोरापोरींना, ते 'तुम्ही' म्हणत. पहिल्या दिवशी "शकुंतला, तुम्ही वाचा" म्हणाले तेव्हा वर्ग खिदळला. मीही खिदळले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'तुम्ही' म्हणत होतं आणि आम्हांला त्याचं हसू येत होतं. ज्यांना सदान्कदा 'ए बेबी' ऐकायची सवय असते त्यांना मान मिळाला की तो थट्टेसारखाच वाटतो.

सरांचा एक दोष मात्र मी आजही माफ करू शकत नाही. नम्रपणे विचारलं की माणसं खरं उत्तर देतात, असं त्यांना वाटायचं. इतका हुशार माणूस आणि इतका भाबडा. थंडी ओसरताना एका सोमवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. घरातली सगळ्यांत जुनी वस्तू आणा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. ही कुणी बनवली? ही कोण वापरायचं? हिला हात लावायची कुणाला मनाई होती? उत्तरं वहीत लिहून आणायची आणि वर्गात वाचायची. पुस्तकात रेघ मारायला सरसावलेली पोरं पेन्सिली धरून बसून राहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या घरी जुनं काईच नाई. आजानं जुने देव बिव सगळे टोपल्यात भरून नाल्यात नेऊन टाकले." सर म्हणाले, "मग टाकले ते लिहा. कसे टाकले, टाकताना आजोबा काय म्हणाले, आजी काय म्हणाली. ते तर सगळ्यांत चांगलं होईल." तो मुलगा खाली बसला तो असा काही बसला की जणू त्याला जहागीर मिळाली.

आमच्या घरी एक गडू होता. तांब्याचा, बुटका, काठाला एक पोचा असलेला. दसऱ्याला मागाची पूजा झाली की त्यातलं पाणी नव्या ताण्यावर शिंपडायचं, एवढं आम्हांला ठाऊक. शुभ म्हणून. मी तो घेऊन आत्याबाईपाशी बसले आणि विचारलं, "आत्याबाई, हा गडू कोनाचा?"

तिने तो हातात घेऊन पोच्यावरून बोट फिरवलं. "हा सुताचा गडू. गिरणीचं सूत येत नोहतं तवा महारपुऱ्यातल्या बाया सूत कातून आनत. मी इतल्लीशी होती. त्या दारातल्या दगडावर टोपलं ठेवत अन् मांगं सरकून उभ्या राहत. मंग माही माय या गडूतलं पानी त्या सुतावर शिंपडे अन् घरात घे."

"काहून?"

"काहून म्हंजे? बाटलेलं सूत घरात घेतेत काय वं?"

मी हुशार होते. ही हुशारी मला पुढे फार महागात पडली. मी विचारलं, "पन वलं झालं का सूत जड होते न?"

आत्याबाई बोळक्या तोंडाने हसली. "म्हनून आधी तोलायचं. तराजूत टाकून तोलायचं, मंग शिंपडायचं. माय काय येडी होती काय?"

"अन् तराजू? तराजूवर नाई शिंपडत?"

यावर तिने गडू खाली ठेवला. मग म्हणाली, "तराजूले काय होते? तराजू धंद्याचा."

मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. पुढे मी विटाळ आणि व्यवहार यांवर पुष्कळ जाडजूड पुस्तकं वाचली, मोठमोठ्या पदव्यांची माणसं त्यावर तासन्‌तास बोलताना ऐकली. आत्याबाईने चार शब्दांत सांगितलं त्याच्या पुढे त्यातलं कुणी गेलं नाही.

वर्गात मी गडू टेबलावर ठेवला आणि वाचून दाखवलं. आत्याबाईचा आवाज काढून वाचलं, कारण मला दाद हवी होती. तराजूपाशी आले तेव्हा वर्ग हसून लोळला. पुढचे हसले, मधले हसले. मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही, हे मला दिसलं आणि मी ते दिसलं नाही असं केलं. सरही हसले नाहीत. त्यांनी गडू उचलला, सगळीकडून पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "शकुंतला, फार चांगलं लिहिलंत. एकच राहिलं. त्या बाईचं नाव काय होतं?"

"कुठल्या बाईचं सर?"

"सूत आणायची तिचं. गडूचा इतिहास लिहिला आणि जिच्यासाठी तो ठेवला होता तिचंच नाव नाही, असं कसं चालेल? आत्याबाईंना विचारून या." मग पेनचं टोपण लावत ते सहज म्हणाले, "माझी आजीही सूत कातायची. कुठे नेऊन द्यायची, ते तिला विचारायचं राहून गेलं." वह्या तपासायला म्हणून त्यांनी सगळ्यांच्या ठेवून घेतल्या, त्यात माझीही.

घरी जाऊन विचारलं तर आत्याबाई म्हणाली, "नाव? त्यायले कोन नाव विचारे वं? सूतवाली म्हनत." आणि कांडी भरू लागली.

बातमी मोहल्ल्यात पोचायला दोन दिवस लागले. पोचवली कुणी ते सोडून देऊ. वर्गातली निम्मी पोरं आमच्याच गल्लीतली होती. तिसऱ्या दिवशी नानाजी आमच्या दारात उभे. इतवारीत त्यांचं कापडाचं दुकान, समाजाचे पुढारी, शाळेच्या कमिटीवर. वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिलेला असायचा. त्यांच्यासोबत आणखी तिघं, ज्यांचं काम मान डोलावणं. तरीही मला वाटलं होतं, यांना लाज वाटली असेल. पाणी शिंपडल्याची, मागे सरकून उभं केल्याची लाज. लाज कसली, चौघांपैकी एकालाही त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. त्यांना टोचत होतं ते वेगळंच. सूत महारपुऱ्यातल्या बायांच्या हातचं होतं, हे.

"आपलं लुगडं काय महारायच्या सुताचं?" नानाजी म्हणाले. "असं शाळेत सांगून राहिला तो मास्तर. उद्या म्हनन का त्यायलेच विनता येत होतं, आपन त्यायच्यापासून शिकलो. इतिहास म्हनते लेकाचा. हा का इतिहास हाय? ही बदनामी हाय."

बाबा मागावरून उठून आले होते. मी उजेडाकडे बघून लुगडं तपासणारा तो चेहरा शोधत होते. तो कुठे नव्हता. होता तो नानाजींच्या दुकानात माल देणाऱ्या माणसाचा चेहरा. "पोरगी लहान हाय," ते म्हणाले. "त्यानं सांगतलं अन् तिनं लिवलं." हे वाक्य बाबांनी तिथल्या तिथे रचलं. चार माणसांनी ते इतक्या आनंदाने उचललं की दुपारपर्यंत ते खरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. हेडमास्तर पुण्याकडचे. आमच्या बोलण्याला ते कायम कपाळावर आठी घालत, आणि स्वतःला पुरोगामी समजत. भिंतीवर थोरांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या. त्या रोज पुसल्या जात, वाचल्या कधीच गेल्या नाहीत. खुर्चीवर नानाजी, शेजारी बाबा उभे. दार उघडं होतं आणि बाहेर व्हरांड्यात गजभिये सर हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभे होते. त्यांना आत बोलावलेलं नव्हतं.

"हे बघ मुली," हेडमास्तर म्हणाले, "गजभिये माणूस वाईट नाहीत. पण आपल्याला वाद नकोत. एवढं लिहून दे, म्हणजे विषय संपेल." त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. "वहीतला मजकूर मला गजभिये सरांनी सांगितला. आमच्या घरी असा गडू नाही व कधी नव्हता. माझी आत्या फार वृद्ध असून तिला भ्रम होतो." सही करायच्या आधी मी थांबले. बाबा हळूच म्हणाले, "सही कर, नाईतं उद्यापासून कांड्या भर." म्हणजे शाळा बंद. आमच्या गल्लीत नववीपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटी होते, त्यामुळे ती धमकी पोकळ नव्हती. भीती होती, हे खरं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आले. पण त्याच क्षणी हेडमास्तर म्हणाले, "हुशार मुलगी आहे, पुढे जाईल," आणि मला ते आवडलं. भीतीने माणूस सही करतो, तेव्हा त्याला निदान वाईट तरी वाटतं. मला बरं वाटलं होतं. मी वळणदार अक्षरात सही केली. व्हरांड्यातून जाताना सरांकडे पाहिलं नाही.

गजभिये सरांना मे महिन्यानंतर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जून यायच्या आतच ठरलं. वाद मिटला म्हणून नानाजींनी शाळेला पाण्याचा माठ भेट दिला. काय भेट द्यावी याची अक्कल असती तर माठ दिला नसता.

बाबांनी गडू इतवारीच्या भांडेबाजारात नेऊन मोडीत घातला आणि त्याच्या बदल्यात स्टीलचा पेला आणला. पेल्यावर आपलं नाव कोरून घेतलं, वडिलांच्या नावासकट. संध्याकाळी त्यांनी कागदाची नक्कल घरात वाचून दाखवली, मिटलं म्हणून आईला धीर यावा यासाठी. भ्रम होतो, इथे आले तेव्हा उंबऱ्यावरून आत्याबाई म्हणाली, "मी सांगतलं होतं न रे. बेबीले मीच सांगतलं. काहून खोटं लिहून राहिले तुमी?"

"तुले काई आठवत नाई आत्या. गप राह्य."

"गडू कुठं हाय मंग? आन बरं."

पुढे कितीतरी दिवस ती फडताळात हात फिरवून गडू शोधायची. आणि त्या दिवसापासून घरात तिचं कुणी ऐकेनासं झालं. भात लागला, असं ती ओरडून सांगायची आणि आई म्हणायची, "असंच बरळते." भात खरंच लागलेला असायचा. तो आम्ही खायचो.

इथे मला मधेच आजचं सांगायला हवं. मी शिकले, बी.ए. झाले, बी.एड. झाले, इतिहासाची मास्तरीण झाले. आयुष्यभर दर थंडीत मी वर्गाला सांगत आले, घरातली सगळ्यांत जुनी वस्तू आणा, म्हाताऱ्यांना विचारा, ही कुणी बनवली, ही कोण वापरायचं. पोरं अडकित्ते आणत, दिवे आणत, एकाने पणजीची चाळण आणली होती. छान प्रदर्शन भरे. अधिकारी येत, फोटो काढत. या उपक्रमाबद्दल मला आदर्श शिक्षिकेचा मान मिळाला, तोही शालीसकट. तिसरा प्रश्न मी एकदाही फळ्यावर लिहिला नाही. मुलं लहान आहेत, पालकांना आवडणार नाही, पुढच्या वर्षी बघू, आपल्याला वाद नकोत. हेडमास्तरांचं वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की ते त्यांचं आहे हेही विसरले होते. उपक्रम कुठून सुचला, असं एका अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, घरच्या संस्कारांतून.

त्याच वर्षी सर आमच्या दारात आले ती मार्चअखेरची दुपार होती. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. आई आत जवस भाजत होती, बाबा मागावर, आत्याबाई उंबऱ्याशी रहाटावर. सायकल भिंतीला टेकवून सर दारातल्या दगडापाशी उभे राहिले. तो दगड अजून तिथेच होता. आम्ही पोरं त्यावर बसून सागरगोटे खेळायचो.

"शकुंतला, तुमची वही माझ्याकडे राहिली होती," ते म्हणाले. नेहमीच्याच आवाजात. कागदाचं नाव नाही, नोकरीचं नाव नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांची ऋणी राहिले असते.

"कोन हाय?" आत्याबाईने विचारलं.

"शाळेतला मास्तर, आजी. गजभिये."

आडनाव ऐकून तिने रहाट थोडा आत ओढून घेतला. मग म्हणाली, "तूच काय तो? सूतवालीचं नाव विचारनारा?"

"हो, मीच."

"कौतिका," आत्याबाई म्हणाली. "परवा याद आली मले. तुह्यानंच याद आली. कौतिका. उंच होती. डाव्या हातानं टोपलं उतरवे. मले बोरं आने. पदरातून काढून या दगडावर ठेवे."

"तुमच्या आई बोरांवरही पाणी शिंपडत होत्या का?" सरांनी विचारलं.

"मायनं पायलं त शिंपडे. नाई पायलं त मी तशीच खाओ." आणि ती हसली. तिला असं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

सरांनी वही हातावर टेकवून उघडली, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या मजकुराखाली नाव लिहिलं. सावकाश, फळ्यावर लिहीत तसं. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे धरली. मला पुढे होऊन ती घ्यायची होती. दोन पावलांचं अंतर. ज्या हाताने सही केली तो पुढे करायची मला लाज वाटली आणि मी जागची हलले नाही. त्यांना वाटलं असावं, घरातली माणसं आत आहेत, मुलीची अडचण नको. त्यांनी वही दगडावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकले.

"बेबी," आत्याबाई म्हणाली, "पानी आन वं."

मी आत पळाले. इतकी मोकळी झाले होते मी. सरांना पाणी द्यायला घरातल्याच कुणीतरी सांगितलं होतं. माठातून तो नवा स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि सांडत बाहेर आले. सरांनी रुमालाने तोंड पुसलं होतं आणि त्यांचा हात अर्धा पुढे आला होता. आत्याबाईचाही हात पुढे आला होता. तिची बोटं मी पाहिली. ती पेला धरायला वाकलेली नव्हती. टोकं जुळवलेली होती, दसऱ्याला ताण्यावर शिंपडताना जुळवायची तशी. म्हणजे मला कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आणि मागाचा आवाज थांबला होता. बाबा आतून बघत होते.

मी पेला आत्याबाईच्या हातात दिला.

तिने बोटं बुडवून अंदाजाने दगडावर तीनदा पाणी शिंपडलं. शाई ओली होती. सरांनी वही मिटलेली नव्हती, अक्षरं वाळावीत म्हणून उघडीच ठेवली होती. निळा डाग पसरत माझ्या मजकुरापर्यंत गेला. सर ते बघत राहिले. मग त्यांनी तो अर्धा पुढे आलेला हात खाली नेला, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "आज तोललं नाही, आजी?"

आत्याबाईला त्यात टोमणा दिसलाच नाही. "वही हाय ते," ती म्हणाली. "वही काय तोलायची असते?"

"नसते," सर म्हणाले. पँटला चिमटी लावली, सायकल काढली आणि उन्हातून गेले. पुढे कोराडीकडे कुठल्याशा शाळेत लागले असं ऐकलं. तिकडे बस जात होती. मी कधी गेले नाही.

वही माझ्यापाशी आहे. शाई पसरून त्या पानावर आता फक्त 'कौ' वाचता येतो, आणि नाव माहीत असणारी मी एकटी उरले आहे. आत्याबाईने पाणी शिंपडलं, ते तिचं जन्मभराचं वळण होतं, तिच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. पण मी आले तेव्हा दोन हात पुढे होते आणि पेला माझ्या हातात होता, आणि तो कुणाला द्यायचा हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.